भरतीचा वरचा तास

समुद्रावर? — आणि ही एवढी वळकटी घेऊन? अहो, समुद्रावर माणूस जातो तो पाय ओले करायला, तिथं काय बिऱ्हाड थाटायचंय? — नाही, नाही, उठू नका तुम्ही, बसा. अलिबागची गाडी इतक्यात कुठली! लागली तरी आधी ती उन्हात तापत उभी राहते, मग ड्रायव्हर चहाला जातो, मग ड्रायव्हरला शोधायला कंडक्टर जातो, मग दोघं मिळून चहा पितात. सरकारी झाली म्हणून एस.टी.ला काय लगेच घड्याळ कळायला लागलं? बसा. ही तुमची मुलगी वाटतं? वाटलंच, नाक तुमचंच आहे. बैस हो बाळ, पण त्या वळकटीवर बैस, बाकाला ढेकूण आहेत. — मी? छे! मी कशाला जातोय! मला एक किल्ली द्यायचीय कंडक्टरपाशी, तेवढ्यासाठी नौपाड्यातून या उन्हाचा चालत आलोय. ती दिली की मी मोकळा. समुद्राचं नाव काढणार नाही पुन्हा.

हसताय. हसा. आम्हीसुद्धा गेलो होतो ना असेच हसत, याच स्टँडवरून, या मे महिन्यातच. आमचे चिरंजीव आले होते सहकुटुंब. परशुराम नाव, रेल्वेत आहेत, मध्यप्रांतातल्या कुठल्याशा स्टेशनावर — त्या स्टेशनाचं नाव मी सांगत नाही, कारण तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि तिथल्या गाडीनंसुद्धा ऐकलेलं नसावं, कारण ती तिथं क्वचितच थांबते. दोन वर्षांनी एकदा येतात. आले की पहिले दोन दिवस ठाण्याला नावं ठेवायची. घामच येतो, डासच चावतात, तळ्याच्या पाळीवर बसायलाच जागा नाही. अरे, या डासांनी तुला लहानाचा मोठा केला! तेव्हा नाही चावले ते? आणि तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाल्या, आपण समुद्रावर जाऊ या, हवा बदलेल. सूनबाई, विमल त्यांचं नाव, वऱ्हाडातल्या. समुद्र आजवर कॅलेंडरावर पाहिलेला. मी म्हटलं, समुद्र कशाला, इथं आपली खाडी आहे की! चेंदणी बंदरावर संध्याकाळी उभं राहा, काय वारा सुटतो, पलीकडे कळव्याचा पूल, अलीकडे मिठागरांचे पांढरे ढीग, फुकटात. तर म्हणतात, तिथं चिखल आहे. — आहेच चिखल! खाडीला चिखल नाही असणार तर काय शहाबादी फरशी असणार?

पण मुलगा म्हणाला जाऊ, मग जाऊ. आमच्या कचेरीतला विश्राम म्हणून माझा जुना स्नेही, तो आता अलिबागेत असतो, त्याचं गावाबाहेर वाडीत एक मोकळं घर आहे, अगदी पाण्याच्या तोंडावर. ही त्याचीच किल्ली. तर निघालो. काय तो जामानिमा! चिरंजिवांच्या डोळ्यांवर काळा चष्मा — रेल्वेत सिग्नल कसे दिसतात त्यातून देव जाणे — गळ्यात कॅमेरा, सूनबाईंच्या हातात थर्मास. थर्मासात काय? तर गार पाणी. अहो, कोकणात जाताना पाणी घेऊन जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या मंडळींची तेवढी कुरकुर नाही. हिनं मुकाट्यानं दशम्या बांधल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि पनवेल येईपर्यंत पोरीच्या डोक्यातून हात फिरवत बसली.

हो, नात. एकच. कला. असेल या तुमच्या मुलीएवढी, कदाचित बोटभर उंच. काय सांगू तुम्हाला तिची भाषा! तिकडच्या पाण्याचा परिणाम. 'आजोबा, तुम्ही काय करून राहिले?' 'आजोबा, मांजर दूध पिऊन राहिली.' राहिली म्हणजे? राहायला आली का मांजर? मी दर वेळी दुरुस्त करायचो. 'पितेय म्हणावं.' ती लगेच म्हणायची, 'पितेय.' आणि पुढच्या वाक्याला पुन्हा राहून राहायची. पण मी ठरवलं होतं, एका वर्षात सुधारून टाकायची. म्हणजे — तसं ठरलंच होतं आमचं. ती जूनपासून इथंच राहणार होती, आमच्याकडे. तिकडे मराठी शाळा नाही धड, आणि त्यांची बदली आज इथं, उद्या तिथं. पत्रानं सगळं ठरलेलं. हिनं तर फडताळाचा खालचा कप्पा रिकामा केला. आता तुम्हाला त्यात काय वाटणार! पण त्या कप्प्यात लग्न झाल्यापासून लोणच्याच्या बरण्या आहेत, मला तिनं कधी त्याला हात लावू दिलेला नाही. त्या बरण्या काढल्या, खाली वर्तमानपत्र घातलं, आणि मला म्हणते, पोरीची पुस्तकं इथं राहतील. मी म्हटलं, पुस्तकांना लोणच्याचा वास येईल. तर म्हणाली, येऊ दे, कुणाच्या घरातली आहेत ते तरी कळेल. — हं. बायकांचं आपलं काहीतरी.

तर समुद्र. तुम्हाला म्हणून सांगतो, समुद्रावर करण्यासारखं काही नसतं. पहिल्या दिवशी बघून होतो, दुसऱ्या दिवशी तोच असतो. वाळू जेवणात, वाळू अंथरुणात, वाळू धोतराच्या काठात. आमचे चिरंजीव दिवसभर फोटो काढत. कुणाचे? तर पाण्याचे. पाणी काय स्वस्थ बसतंय का फोटोला? सूनबाई तोंडाला पदर लावून व्हरांड्यात, कारण वास येतो. कसला वास? समुद्राचा! समुद्राला समुद्राचा वास येतो, याबद्दल त्या माझ्याकडे असं बघत की जणू मीच काही सांडून ठेवलंय. एकटी कला तेवढी खूष. ती चिकटली मला. म्हणजे कुणाला तरी चिकटणं भागच होतं तिला, बाकीचे सगळे एकेक जागा धरून बसलेले. सकाळी उठली की, 'आजोबा, आज पाणी कधी जाऊन राहिलं?' आणि मी सांगायचो. मला येतं ते.

कसं म्हणजे? तुम्हाला नाही येत? ठाण्याचेच ना तुम्ही? — डोंबिवलीचे. मग बरोबर, तुम्हाला कशाला येईल. अहो, साधं गणित आहे. पंचांग उघडायचं, तिथी बघायची, तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असली तर तीनाची पाऊणपट, सव्वादोन. सव्वादोनला भरती पुरी. आणि वर एक तास. तो वरचा तास विसरायचा नाही, आमच्या वडिलांनी मला कान धरून शिकवलंय. चेंदणी बंदरावर उभं करायचे मला, समोर पाणी, हातात त्यांची काठी, आणि विचारायचे, आज किती? मी म्हणायचो, सव्वादोन. काठी पोटरीवर. 'वरचा तास तुझा काका घालणार का?' तेव्हापासून जो बसला तो वरचा तास, तो आजतागायत चुकलेला नाही. सबंध आळी मला विचारायची. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र यायची असली की मिठागरवालेसुद्धा माझ्या ओट्याशी येऊन जायचे, 'त्र्यंबकराव, आज कधी?' आणि कधीही चुकलेलं नाही. तुम्ही विचारा कुणालाही नौपाड्यात.

ते मी पोरीला शिकवलं. पाऊणपट पाठ नव्हती, ती आधी पाठ करून घेतली — वाळूवर काडीनं लिहून. हुशार आहे. भाषा तेवढी सोडली तर हुशार आहे. दुसऱ्या दिवशी आईला सांगायला गेली, भरती कधी ते आजोबा घरात बसून सांगतात, समुद्र त्यांना विचारून येतो. सूनबाई हसल्या. त्या एवढ्या दिवसांत एकदाच हसल्या.

— काय? नाही नाही, सांगतो ना, गाडी कुठं आलीय अजून. त्या दिवशी तृतीयाच होती. घरासमोरच आत खडकांची एक रांग आहे, ओहोटीला उघडी पडते. तिथं खळग्यांत खेकडे, शंख, काय काय सापडतं. पोरीला ते हवं होतं. आठाच्या सुमाराला आम्ही दोघं गेलो. मी म्हटलं, नऊपर्यंत पाणी जातच राहणार, मग फिरणार, दहापर्यंत काळजी नाही. ती गेली खडकांवर. मी? मी अलीकडे एका दगडावर बसलो, वर्तमानपत्र होतं हातात. गुडघे आहेत ना माझे, खडकांवर चढायचं म्हणजे — आणि दोन हातांवर तर होती. म्हणजे वीस-पंचवीस पावलं असतील. परशुराम किनाऱ्यावर टोपी तोंडावर घेऊन झोपलेला. आता बापानं बघायला नको? मी म्हातारा माणूस. बाप म्हणून काही आहे की नाही! काळा चष्मा घालून झोपतो माणूस. कशासाठी? झोपेत ऊन लागतं?

तर ती मधेच हाक मारते, 'आजोबा, पाणी येऊन राहिलं.' मी म्हटलं, येऊन राहिलं नाही, येतंय म्हणावं. ती म्हणाली, 'पाणी येतंय.' मी म्हटलं, शाबास. पण येत नाहीये ते, जातंय. अजून नऊ व्हायचेत. ती म्हणाली, 'पण मघाशी त्या दगडावर नव्हतं.' मी म्हटलं, बाळ, लाट येते एखादी मोठी, तेवढ्यानं भरती होत नाही, तृतीयेची किती सांग बघू. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, सव्वादोन. आणि वर? वर एक तास. मग? — मग ती पुन्हा वाकली आणि शंख वेचायला लागली.

ऊन झालंय नाही? घ्या, इकडे सावलीत सरका. बाळ, तू पण. — हो, सांगतो.

झालं असं, की समुद्र विचित्र होता. मी सगळ्यांना हेच सांगितलं. एखाद्या दिवशी असतो तसा. पाणी समोरून येत नाही तिथं, ते मागून येतं. खडकांच्या आणि किनाऱ्याच्या मधे घळ आहे, ती आधी भरते, आणि खडकांवरच्या माणसाला वाटतं आपण कोरड्यात आहोत. मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं तेव्हा माझ्याच दगडाखाली पाणी होतं. आणि मी काय केलं सांगू? तुम्ही हसाल. मी पुन्हा पाऊणपट केली. खरंच. मनात म्हटलं, तीन त्रिक नऊ भागिले चार, सव्वादोन, आणि तास — बरोबर आहे की! पोरगी पोटापर्यंत पाण्यात, खडकाला दोन्ही हातांनी धरून उभी, आणि मी ताळा करतोय. ओरडली पण नाही हो ती. माझ्याकडे बघत होती. मी सांगेन म्हणून बघत होती.

हिनं पाहिलं व्हरांड्यातून. ही ओरडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला ओरडलेलं कधी ऐकलं नव्हतं, मला कळेचना कोण ओरडतंय. मग परशुराम उठला, धावला, चष्म्यासकट पाण्यात. आणली त्यानं. तसं काही झालं नाही तिला. नाकातोंडात थोडं पाणी, आणि पाय. खडकांवर कालवं असतात, सुरीसारखी धार. दोन्ही तळवे फाटलेले. वाळूवरून घरापर्यंत रक्त. चिरंजीव निथळत उभे, सूनबाई पोरीला पोटाशी धरून बसलेल्या, आणि विचारतायत, पुन्हा पुन्हा तेच, 'पाणी येताना दिसलं नाही का गं तुला? एवढं पाणी, दिसलं कसं नाही?'

आणि ती काय म्हणाली? — ती म्हणाली, 'नाही दिसलं.'

नाही दिसलं! दोनदा सांगितलं होतं तिनं मला. आईनं गालात मारली, रडत रडत मारली, 'डोळे कुठं होते तुझे?' तरी पोरगी तेच. 'खेळत होते. नाही दिसलं.' माझ्याकडे बघितलं नाही तिनं. मुद्दाम बघितलं नाही. मी तिथंच उभा होतो, दारात, ओल्या धोतरानं. मला वाटलं आता बोलावं. घसा खाकरला मी. तेवढ्यात परशुराम म्हणाला, बाबा, तुम्ही कपडे बदला, तुम्हाला बाधेल. आणि मी आत गेलो. कपडे बदलले. — बदलायला नकोत का? साठी उलटलेला माणूस, ओल्यात किती वेळ उभा राहणार?

रात्री सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, मुलगी फार बेसावध आहे, आईशिवाय नाही राहायची, तिकडेच काहीतरी बघू शाळेचं. मला त्यांनी काही दोष दिला नाही. अहो, दोष देतील कशाला? मी तर समुद्र विचित्र म्हणून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सगळे परत, आणि ठाण्याला एक रात्रही न राहता तसेच पुढे. कुलूप मी लावलं त्या घराला, त्या गडबडीत ही किल्ली आली माझ्या खिशात. ठाण्याच्या स्टेशनावर पोरीला परशुरामानं उचलूनच गाडीत बसवली, पायांना चिंध्या. खिडकीतून मला म्हणते — अगदी जपून, शब्द जुळवून म्हणते — 'आजोबा, गाडी सुटतेय.' राहिली नाही म्हणाली ती. सुटतेय. इतकं शुद्ध! मला ऐकवेना.

संध्याकाळी मी बंदरावर गेलो. चेंदणीला. बघायलाच गेलो, म्हटलं गणित चुकतं की काय आपलं. चतुर्थीची पाऊणपट, तीन, आणि वर तास. आणि तुम्हाला सांगतो, बरोबर होतं! उतरतं पाणी माझ्या हिशेबाला धरून उतरत होतं, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. उभ्या उभ्या मला इतका आनंद झाला, म्हटलं, बघा! माझी खाडी खोटं बोलत नाही. मग समुद्रच का — आणि तेव्हा लागलं डोक्यात. हा जो वरचा तास आहे ना, तो काही पंचांगातला नाही. तो रस्त्याचा आहे. समुद्रातलं पाणी खाडीत शिरून, वळसे घेत घेत, ठाण्याला पोचायला जो वेळ घेतं, तो तास. भरतीलाही तो, ओहोटीलाही तो. वडिलांनी काठी मारली, पण कशाचा ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी आपला ठाण्याचा तास गाठोड्यात बांधून समुद्रावर घेऊन गेलो. तिथं समुद्र दारातच होता, तो कशाला थांबतोय माझ्या तासासाठी! सूनबाईंच्या थर्मासाला हसत होतो मी.

— नाही सांगितलं कुणाला. कुणाला सांगणार? पत्र लिहायला बसलो होतो परशुरामाला, दोनदा. हवापाण्याचं लिहिलं आणि पेटीत टाकलं. सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याच्या हवाली मुलगी करायची नाही. नाही सांगितलं तर म्हणतात, मुलगी बेसावध आहे. कसंही केलं तरी ती काही येत नाही. मग उगाच कशाला? — हिला? हिला ठाऊक आहे. कसं ते विचारू नका, व्हरांड्यापर्यंत ऐकू येत असणार सगळं, सव्वादोन आणि वर एक तास. बोलत नाही ती. आठवडा झाला, वाढते, चहा देते, बोलत नाही. काल फडताळात बरण्या परत गेल्या. आणि आज सकाळी ही किल्ली माझ्या पानाशेजारी आणून ठेवली, मिठाच्या जागी.

चला, आली वाटतं. तीच ती, पाटी वाचा, अलिबाग. धक्काबुक्की करू नका, तुम्ही वळकटी आधी वर द्या, हो, टपावर. अहो, आणि असं करा, तुम्हीच घ्या ही किल्ली. कंडक्टरचा काय भरवसा, पेणला उतरून विसरेल. अलिबागच्या स्टँडवर विश्राम येईल, डोक्याला तांबडा रुमाल, बहिरा आहे, जरा मोठ्यानं बोला. म्हणावं, त्र्यंबकनं धाडलीय, आणि आता लागणार नाही.

काय गं? काय विचारतेस? — आज भरती कधी? आज एकादशी. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. आणि वर — वर काही नाही. सव्वाआठसुद्धा विसर. इकडे बघ. पाणी येताना दिसलं ना, की ओरडायचं. येतंय म्हण, येऊन राहिलं म्हण, काय वाटेल ते म्हण, पण ओरडायचं. आणि एखादा आजोबा म्हणाला की जातंय ते, तर त्याचं ऐकायचं नाही, त्याला तिथंच टाकून पळत सुटायचं. आणि मग आईनं विचारलं, दिसलं का, तर दिसलं म्हणायचं. कळलं? दिसलं म्हणायचं! —

अहो, न्या ना तिला! माझ्या तोंडाकडे काय बघताय दोघं? जागा जाईल खिडकीची. जा!